काचेच्या नळीतली २० मिनिटं

समजा, श्रावणातली रात्र आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यात, चिचगडच्याही पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका टोल्यावर धानाची रोवणी संपत आली आहे. दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून काम केलेली एक बाई घरी येते. चुलीसाठी सरपण ओढायला ती अंधारात हात घालते आणि काहीतरी चावतं. काय चावलं ते दिसत नाही. हातावर दोन बारीक टिपके उमटतात आणि थोड्याच वेळात मनगट सुजायला लागतं. घरचे तिला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून, पाऊस अंगावर घेत, देवरीच्या दिशेने निघतात.

दवाखान्यात रात्रपाळीला एकच तरुण डॉक्टर आहे. गोंदिया तिथून ६०-७० किलोमीटर, नागपूर दीडशेच्या घरात. समोर मुंबई-कोलकाता हायवेवरून ट्रक जातायत. पूर्वेकडे थोडं गेलं की छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोलीचं कोरची. डॉक्टरला ठरवायचंय : हा साप विषारी होता का? असला तर विष शरीरात गेलंय का? गेलं असेल तर आत्ता औषध सुरू करायचं, की गाडी मागवून पुढे पाठवायचं?

रात्री तिथे मोठी प्रयोगशाळा उघडी असण्याची शक्यता कमी. तेव्हा तो बाईच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढतो, कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घालतो, नळी टेबलावर उभी ठेवतो आणि घड्याळ बघतो. २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती एकदाच तिरकी करायची. रक्ताची गुठळी झाली असेल तर थोडा धीर धरता येतो. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाच्या विषाने तिच्या रक्ताची गोठण्याची ताकद संपवली आहे. आता प्रतिविष लगेच द्यायला हवं.

ही बाई आणि हा डॉक्टर मी कल्पिलेले आहेत. नळी मात्र खरी आहे, आणि तिला इतिहास आहे. १९७०च्या दशकात नायजेरियात काम करणाऱ्या डेव्हिड वॉरेल या ब्रिटिश डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फुरशाच्या जातीच्या सापाने चावलेल्या शेतकऱ्यांसाठी ही साधी चाचणी वापरली. पुढे ब्राझीलमध्ये ती पारखली गेली. आज ती भारतातल्या सर्पदंशाच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. म्हणजे देवरीच्या टेबलावरची ती नळी निम्मं जग फिरून आली आहे.

आज इमर्जन्सी मेडिसिनची रेसिडेन्सी करणारे, म्हणजे तातडीच्या रुग्णांवर उपचार करण्यातच पदव्युत्तर शिक्षण घेणारे, जगभरातले अनेक तरुण डॉक्टर ‘ट्रॉपिकल मेडिसिन’ आणि ‘ग्लोबल हेल्थ’ हे विषय शिकायला मुद्दाम वेळ काढतात. अमेरिकेतले काही जण त्यासाठी आफ्रिकेत जातात. आपल्याकडचे काही जण लंडन-लिव्हरपूलच्या पदविकेची स्वप्नं बघतात. हिवताप, सर्पदंश आणि विंचूदंश जिथे घराच्या अंगणात आहेत, तिथल्या मुलांनी ते शिकायला थेम्सच्या काठी का जावं? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. आणि तो इतिहास वाटतो तितका एकाच दिशेने वाहिलेला नाही.

गोदीतलं शास्त्र

‘ट्रॉपिकल’ हा शब्द कुणाच्या नजरेतून आलाय ते आधी पाहू. देवरीच्या माणसाला ताप आला तर तो ‘उष्णकटिबंधातला ताप’ नसतो, नुसता ताप असतो. त्याला ‘उष्णकटिबंधातला’ म्हणायला आधी कुठल्यातरी थंड प्रदेशात उभं राहून इकडे बघावं लागतं.

तसं बघणारा माणूस म्हणजे पॅट्रिक मॅन्सन. हा स्कॉटिश डॉक्टर चीनमधल्या अमॉय बंदरात नोकरीला होता. १८७७मध्ये त्याने दाखवलं की हत्तीरोगाचे जंत माणसाच्या रक्तातून डासाच्या पोटात जातात आणि तिथे वाढतात. त्यासाठी त्याने डासांना ज्याचं रक्त पाजलं तो त्याचाच माळी होता. त्याचं नाव हिन लो. त्याच हत्तीरोगाच्या गोळ्या पूर्व विदर्भात अजूनही घरोघरी जाऊन खाऊ घातल्या जातात.

मॅन्सन पुढे लंडनला परतला आणि ब्रिटिश वसाहत खात्याचा वैद्यकीय सल्लागार झाला. साम्राज्याला एक व्यावहारिक अडचण होती : आफ्रिकेत आणि आशियात पाठवलेले अधिकारी, सैनिक, व्यापारी आणि खलाशी तापाने मरत होते. १८९८मध्ये आल्फ्रेड जोन्स या जहाज कंपनीच्या मालकाच्या पैशातून लिव्हरपूलला उष्णकटिबंधीय वैद्यकाची शाळा निघाली. १८९९मध्ये मॅन्सनने लंडनच्या अल्बर्ट गोदीतल्या खलाशांच्या इस्पितळात दुसरी काढली. दोन्ही शाळा बंदरांच्या शहरात उभ्या राहिल्या, कारण रुग्ण जहाजातून उतरत होते.

मॅन्सनचा शिष्य रोनाल्ड रॉस अल्मोड्यात जन्मलेला, भारतीय वैद्यकीय सेवेतला अधिकारी. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्याला एका डासाच्या पोटाच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या खुणा दिसल्या. ज्याच्या अंगावर ते डास सोडले होते, तो हिवतापाचा रुग्ण होता हुसेन खान. चावलेल्या दर डासामागे त्याला एक आणा मिळाला. रॉसला १९०२चं नोबेल मिळालं. २० ऑगस्ट हा दिवस जगभर ‘डास दिन’ म्हणून पाळला जातो. हुसेन खानचं पुढे काय झालं, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

या माणसांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. त्यांनी शोधलेलं खरं होतं आणि त्यामुळे कोट्यवधी जीव वाचले. पण या शास्त्राचा आराखडा तेव्हाच ठरून गेला. रोग वसाहतीत, रुग्णही वसाहतीत, ज्ञान मात्र गोदीत. हिन लो आणि हुसेन खान यांचं काम रक्त देण्यापुरतं.

परळचा वाडा आणि रस्त्यावरची भीती

महाराष्ट्रात हे शास्त्र आलं ते प्लेगच्या पाठोपाठ. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. त्यानंतर काही आठवड्यांत वाल्डेमार हाफकिन मुंबईत दाखल झाला. रशियन साम्राज्यात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झाला होता आणि कॉलऱ्याची लस घेऊन आधीच भारतात फिरलेला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत त्याने तीनेक महिन्यांत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १८९९मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

लस वेगाने बनली. लोकांचा विश्वास मात्र त्याहून वेगाने उडाला. १८९७च्या साथरोग कायद्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, माणसं उचलून छावण्यांत नेली, सामान जाळलं. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. प्लेगपेक्षा इस्पितळाची भीती मोठी झाली आणि लोक रुग्ण लपवू लागले. तोच कायदा १२३ वर्षांनी, २०२०मध्ये, करोनासाठी पुन्हा लागू झाला.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात एक दवाखाना निराळ्या पद्धतीने चालला होता. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर असलेले चिरंजीव यशवंत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होते. त्या कामातच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्याकडे लस नव्हती, कायद्याचं बळ नव्हतं. पण त्या दवाखान्यात रुग्णाला पळून जावंसं वाटत नव्हतं. तातडीच्या वैद्यकाच्या पुस्तकात या गोष्टीला प्रकरण नाही. देवरीच्या त्या बाईला घरच्यांनी आधी मांत्रिकाकडे नेलं की थेट दवाखान्यात, हे मात्र याच गोष्टीवर ठरतं.

घोड्याच्या रक्तातून आलेलं औषध

आता पुन्हा सापाकडे. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला आजच्या व्हिएतनाममधल्या सायगावात काम करत असताना नागदंशाकडे वळला. नागाचं विष अगदी थोड्या प्रमाणात जनावराला टोचत गेलं तर त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारं द्रव्य तयार होतं. ते रक्तद्रव काढून माणसाला द्यायचं. घोड्यांपासून बनवलेलं हे प्रतिविष १८९५च्या सुमारास तयार झालं. नागाचं औषध सगळ्या सापांना चालेल, अशी काल्मेतची समजूत होती.

ती चुकीची होती. भारतात काम करणाऱ्या जॉर्ज लँबसारख्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की नागाविरुद्धचं प्रतिविष घोणसाच्या विषापुढे हतबल ठरतं. म्हणूनच आज भारतात मिळणारं प्रतिविष चार सापांविरुद्ध एकत्र बनवलेलं असतं : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. ते ज्या विषापासून बनतं त्याचा फार मोठा भाग तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतो. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणाऱ्या या लोकांनी १९७८मध्ये ती संस्था उभारली. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे थोडं बदलतं, हेही आता ठाऊक झालंय. त्यामुळे तमिळनाडूच्या घोणसाविरुद्ध बनलेलं औषध दुसऱ्या प्रांतात किती मात्रेत पुरेल, हा अभ्यासाचा विषय झाला आहे.

हे सगळं गाव-पातळीवर किती गंभीर आहे? २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली. वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक मृत्यू खेड्यात, बरेचसे पावसाळ्यात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला सर्वांत प्राधान्याच्या ‘दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारां’मध्ये घेतलं ते थेट २०१७मध्ये. भारताने आपला राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४मध्ये जाहीर केला. शंभर वर्षांहून अधिक काळ औषध होतं, आणि त्या काळात बहुतेक माणसं औषधापर्यंत पोहोचण्याआधीच मेली. गोदीतल्या शास्त्राला हे अंतर मोजायची कधी गरज पडली नव्हती. त्याचा रुग्ण जहाजातून उतरून थेट दारात येत होता.

बिरवाडीचा डॉक्टर

अंतराच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ज्ञान तयार करता येतं का? महाराष्ट्रात याचं सर्वांत ठळक उत्तर रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीला सापडतं.

जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, गरिबीत शिकलेले आणि नागपूरहून डॉक्टर झालेले हिम्मतराव बावस्कर १९७६मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावलेली मुलं तिथे यायची. घामाने थबथबलेली, हातपाय गार, उलट्या. काही तासांत छातीत पाणी भरायचं, तोंडाला फेस यायचा आणि मूल जायचं. पुस्तकात विंचूदंश म्हणजे मुख्यतः वेदना. त्या वेळचे उपचारही तसेच. बावस्करांनी पुस्तक बाजूला ठेवलं नाही, पण रुग्णाच्या उशाशी बसून जे दिसतंय ते तासातासाला लिहून ठेवायला सुरुवात केली. १९८२मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

त्यांनी मांडलेली साखळी अशी. विंचवाचं विष मज्जातंतूंना भडकवतं. शरीर स्वतःचीच अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं भरमसाट सोडतं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर प्रचंड भार येतो, ते थकतं आणि फुप्फुसात पाणी साचतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध दिलं तर? त्यासाठी बावस्करांनी जे निवडलं ते एक स्वस्त, तोंडाने घ्यायचं, रक्तदाबासाठी आधीपासून बाजारात असलेलं औषध होतं : प्राझोसिन. १९८६मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. एकेकाळी गंभीर विंचूदंशात ४० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण या उपचाराने १ टक्क्यापर्यंत उतरलं. त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी महाडहूनच पुढची संशोधनं केली. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इथे मॅन्सनच्या आराखड्याची एक रेघ उलटी फिरली. रोग, रुग्ण आणि ज्ञान तिन्ही एकाच गावात होते, आणि लंडनच्या नियतकालिकाला ते बिरवाडीकडून शिकावं लागलं. या शोधाचा आकार त्याच्या जागेने ठरवला, हेही ध्यानात घ्या. मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागात बसलेल्या डॉक्टरने कदाचित आणखी महागडं यंत्र शोधलं असतं. जवळचं मोठं इस्पितळ तासन्‌तास लांब असलेल्या डॉक्टरने गोळी शोधली.

मणी सरकवणारी दाई

देवरीच्या दक्षिणेला जंगल ओलांडलं की गडचिरोली जिल्हा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन १९८४मध्ये परतलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे काम सुरू केलं. म्हणजे परदेशात जाऊन शिकणं त्यांनीही केलं. पण शिकून आल्यावर त्यांनी पहिल्यांदा लोकांना विचारलं. त्यांच्या शोधग्राममधला दवाखाना गोंड लोकांच्या सांगण्यावरून त्यांच्या घरांसारखा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. १८९७चं पुणे आठवलं तर या निर्णयाची किंमत कळते.

त्यांच्यासमोरची तातडीची बाब होती बालकांचा न्यूमोनिया. त्याची सर्वांत भरवशाची साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६०हून जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्या बाळाचे ५०हून जास्त. पण गावातली दाई शाळेत गेलेली नाही, तिला इतकं मोजता येत नाही. मग काय करायचं? त्यांनी मण्यांची एक पाटी तयार केली. सोबत एका मिनिटाची वाळूची घटिका. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे. औषध सुरू करा.

शहरातल्या इमर्जन्सी विभागात दाराशीच रुग्णांची वर्गवारी होते : कुणाला लगेच बघायचं, कोण थांबू शकतं. मण्यांची ती पाटी म्हणजे हेच काम, फक्त इस्पितळाच्या दारातून उचलून झोपडीच्या दारात नेलेलं. १९९०मध्ये गडचिरोलीतल्या या न्यूमोनिया-प्रयोगाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. १९९९मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या पद्धतीवरचा त्यांचा अभ्यासही तिथेच आला : ज्या ३९ गावांत ही पद्धत राबवली तिथे नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११पासून देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर नवजात बाळांच्या घरी जातात. देवरीच्या टोल्यावरही.

पुस्तक कुठल्या मातीचं?

या सगळ्यात ‘इमर्जन्सी मेडिसिन’ कुठे आहे? ही शाखा वयाने खूप लहान आहे. अमेरिकेत तिला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली १९७९मध्ये. भारतात वैद्यकीय परिषदेने तिच्या एम.डी.ला मान्यता दिली २००९मध्ये. त्याआधी आपल्याकडे ‘कॅज्युअल्टी’ असायची, आणि तिथे बहुतेकदा सर्वांत नवखा डॉक्टर उभा असायचा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आली तीही २०१४मध्ये.

शाखा तरुण, म्हणून तिची पाठ्यपुस्तकंही मुख्यतः अमेरिकेतून आली. त्यांतल्या साप-विंचवांच्या प्रकरणात भर तिकडच्या सापांवर. पण अडचण फक्त सापांच्या यादीपुरती नाही. पुस्तकातलं एक साधं, सगळ्यांनी मान्य केलेलं वाक्यही जागा बदलली की प्राणघातक ठरू शकतं.

उदाहरण घ्या. गंभीर संसर्गाने कोलमडलेल्या मुलाला शिरेतून झपाट्याने भरपूर सलाइन द्यायचं, हा श्रीमंत देशांतल्या तातडीच्या वैद्यकाचा पाया होता. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ३,१४१ मुलांवर हे प्रत्यक्ष तपासलं गेलं. २०११मध्ये निकाल आला आणि जग थक्क झालं. झपाट्याने सलाइन दिलेल्या मुलांमध्ये ४८ तासांत साडेदहा टक्के मृत्यू, न दिलेल्यांमध्ये ७.३ टक्के. हिवताप, रक्तक्षय आणि कृत्रिम श्वासाची सोय नसलेली इस्पितळं, अशा जागी तो उपचार उलटला होता. हे तिथे जाऊन तपासलं नसतं तर आपण चांगल्या हेतूने तेच करत राहिलो असतो.

उलट बाजूचं उदाहरण हिवतापाचं. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या हिवतापावर पिढ्यान्‌पिढ्या क्विनाइन दिलं जाई. चीनच्या तू योयो यांनी १९७०च्या दशकात एका जुन्या औषधी वनस्पतीतून काढलेल्या द्रव्यापासून आर्टेसुनेट बनलं. ते क्विनाइनपेक्षा सरस आहे का, हे भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशियातल्या रुग्णांवर तपासलं गेलं. २००५च्या निकालात मृत्यूचं प्रमाण २२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. त्या प्रयोगातलं एक केंद्र होतं ओडिशातलं राउरकेला. आमगाव-गोंदियावरून जाणारी हावड्याची गाडी जिथे थांबते, तेच राउरकेला. आज गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात बेशुद्ध होऊन आलेल्या तापाच्या रुग्णाला जे इंजेक्शन मिळतं, त्यामागे त्याच रेल्वेलाइनवरच्या इस्पितळातले रुग्ण आहेत.

मग शिकायचं काय?

तर लंडनला जावं का? जरूर जावं, जमलं तर. बंग दांपत्य गेलंच होतं. जग फिरून आलेली ती काचेची नळीही तेच सांगते. ज्ञान एका गावात अडकून राहत नाही. लंडनच्या शाळेनेही २०११पासून आपली पदविका टांझानिया-युगांडात जाऊन शिकवायला सुरुवात केली आहे. गोदीच जागेवरून हलली म्हणा.

पण या विषयाचा गाभा दुर्मीळ रोगांची नावं पाठ करण्यात नाही. इमर्जन्सीचा डॉक्टर वेळ मोजायला शिकतो : पहिली काही मिनिटं, पहिला तास. ही वेळ रुग्ण दारात आल्यापासून सुरू होते, असं शहरातला विभाग धरून चालतो. देवरीत ती सुरू होते चाव्यापासून, टोल्यापासून, मोटारसायकल मिळेपर्यंतच्या खोळंब्यापासून. ट्रॉपिकल मेडिसिन शिकलेल्या रेसिडेंटला हे आधीचे तास दिसायला हवेत. रुग्णाला आधी कुणी पाहिलं, घट्ट दोरी बांधली का, जखम कापली का, लोक इथे यायला का घाबरले, हे त्याने रागावून नाही, तर निदानाचा भाग म्हणून विचारायला हवं. आणि पुस्तकातला प्रत्येक आकडा कुठल्या मातीत मोजला गेला, हे पाहायची सवय लागायला हवी.

आणखी एक सवय बिरवाडीची. लिहून ठेवायची. झाडीपट्टीतल्या दवाखान्यांत जे दिसतं ते अजून कितीतरी नोंदलेलं नाही. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा ना सूज येते, ना वेदना. पहाटे फक्त पोट दुखतं आणि पापण्या जड होतात. तिथे काचेची नळीही काही सांगत नाही, कारण मण्यारीचं विष नसांवर जातं, रक्तावर नाही. अशा रुग्णाला ‘पोटदुखी’ म्हणून घरी पाठवलं तर त्याचा श्वास वाटेत थांबू शकतो. पापण्यांकडे बघायचं, हे ज्याने कुणी पहिल्यांदा लिहून ठेवलं, त्याच्यामुळे पुढचा डॉक्टर बघतो.

परत देवरीला येऊ. २० मिनिटं झाली. डॉक्टर नळी उचलतो आणि हळूच तिरकी करतो. रक्त काचेवरून वाहतं. गुठळी नाही. तो सिस्टरना प्रतिविषाच्या १० बाटल्या काढायला सांगतो. रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनॅलिन भरून बाजूला ठेवतो. बाईचा नवरा विचारतो, “डॉक्टरसाहेब, गोंदियाले न्या लागते का?”

“लागलं तर नेऊ. पहिले औषध इथंच सुरू करतो,” डॉक्टर म्हणतो.

मग तो बाईजवळ स्टूल ओढून बसतो, कागद घेतो, चावल्याची वेळ विचारतो आणि लिहायला लागतो. सहा तासांनी पुन्हा रक्त काढायचं आहे. तोवर दुसरी नळी धुऊन वापरायची नाही, कारण साबणाचा अंश राहिला तरी चाचणी फसते, नवीनच लागेल. ती कपाटात आहे ना, हे तो उठून एकदा बघून येतो.